बॅजवरचं एकटं नाव

माझं आधीचं नाव मी इथं लिहिणार नाही, आणि आत्ताचंही नाही. आधीचं लिहिलं तर सासरचे म्हणतील, हिचा जीव अजून माहेरातच अडकलाय. आत्ताचं लिहिलं तर माझा मलाच राग येईल. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो, त्याला फार मोठं निमित्त लागत नाही. वाचणाऱ्यानं एवढंच ध्यानात ठेवावं, की आधीचं नाव तीन अक्षरांचं होतं, ते माझ्या वडिलांनी ठेवलं होतं, आणि कॉलेजात मिळालेल्या एका डिजिटल बॅजवर ते एकटंच लिहिलेलं होतं. वडिलांचं नाव नाही, आडनाव नाही, काही नाही.

राजूरला देवळाच्या रस्त्यावर आमचं नारळ-फुलांचं दुकान आहे. दुर्वांच्या जुड्या बांधत बांधतच मी दहावी झाले, बारावी झाले. चतुर्थीच्या दिवशी गर्दी इतकी, की बाबा गल्ल्यावरून मला हाक मारायचे ती माणसांच्या डोक्यावरून यायची. नावातलं मधलं अक्षर ते एवढं लांबवायचे की शेजारचा पेढेवाला विचारायचा, "पोरीला बोलावून राह्यले का येष्टी थांबवून राह्यले?" मला तेव्हा लाज वाटायची. चारचौघांत असं कुणी ओरडतं का, म्हणून मी बाबांशी भांडायचेही. ते हसायचे आणि पुढच्या वेळी आणखी लांबवायचे.

बीएस्सीला मी जालन्याला होते, रोज एसटीनं जाऊन-येऊन. दुसऱ्या वर्षाला रसायनशास्त्राच्या मॅडमनी एक जादा कोर्स काढला, माती परीक्षणाचा. शनिवारी दुपारी, अभ्यासक्रमाच्या बाहेरचा, मार्क काही नाहीत. मार्क नाहीत म्हटल्यावर अर्धा वर्ग तिथंच गळाला. उरलेल्यांना मॅडमनी सांगितलं, की पूर्ण करणाऱ्याला डिजिटल बॅज मिळेल. एका पोरानं विचारलं, खिशाला लावायचा का गळ्यात घालायचा? मॅडमनी फळ्यावर एक गोल काढला आणि म्हणाल्या, हे नुसतं चित्र नाही. ह्याच्या पोटात माहिती असते. कुणी दिला, कुणाला दिला, त्या माणसानं नक्की काय करून दाखवलं आणि त्याचा पुरावा काय. प्रमाणपत्र कपाटात पडून राहतं, ह्याची लिंक जगात कुणीही उघडून बघू शकतो. आम्हाला त्यातलं निम्मंच कळलं. पण फुकट मिळतंय तर घ्यावं, एवढी अक्कल आम्हा सगळ्यांना होती.

मॅडम अंगानं बुटक्या, आवाज मात्र शेतभर जाईल असा. त्या आम्हाला गावाबाहेरच्या रानात न्यायच्या. बांधाजवळची माती घ्यायची नाही, झाडाखालची नाही, उकिरड्याजवळची तर बिलकुल नाही. नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणी वीतभर खोल खड्डा खणायचा आणि खड्ड्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी तासून घ्यायची. ती सगळी घमेल्यात मिसळायची, गोल पसरायची, बोटानं चार भाग करायचे आणि समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. पुन्हा मिसळायची, पुन्हा चार भाग. शेवटी अर्धा किलो उरली की ती सावलीत वाळवून पिशवीत भरायची, शेतकऱ्याच्या नावाची एक चिठ्ठी पिशवीच्या आत, एक बाहेर. एका पोरानं ऊन लागतं म्हणून बांधावरच्या लिंबाखालची माती आणली, तर मॅडमनी त्याचं घमेलं सगळ्यांदेखत पालथं केलं.

मला हे काम फार आवडलं. दुर्वा बांधून हात चालते होतेच, पण ह्या कामात हाताबरोबर डोकंही लागत होतं. प्रयोगशाळेत मातीचा सामू, म्हणजे पीएच, काढताना काटा स्थिर होईपर्यंत मी श्वास धरून बसायचे. सुट्टीच्या दिवशी बाबांना म्हणायचे, आज दुकान तुम्ही बघा, मला रानात जायचंय. पुरावा म्हणून प्रत्येकानं एक फोटो टाकायचा होता. चेहरे नकोत, काम दिसू द्या, असं मॅडमनी बजावलं होतं. माझ्या फोटोत घमेलं आहे, चार भाग केलेली काळी माती आहे आणि माझे दोन हात आहेत.

शेवटच्या शनिवारी कॉम्प्युटर लॅबमध्ये फॉर्म भरायचा होता. त्यात एक रकाना होता, बॅजवर नाव कसं हवं असा. सगळ्यांनी शाळेपासूनच्या सवयीनं आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव असं तिन्ही भरलं. मी फक्त माझं नाव टाकलं. निम्मी घाई होती, साडेचारची एसटी गाठायची होती. आणि निम्मा आगाऊपणा. मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या. एवढंच का, म्हणून विचारलं. मी म्हटलं, "खड्डे मी खांदले मॅडम, आडनावानं न्हाई." त्या हसल्या आणि पुढच्या पोरीकडं गेल्या. त्याच वेळी त्यांनी मला एक टपली मारून तिन्ही नावं भरायला लावली असती तर पुढचं सगळं टळलं असतं, असं मी नंतर कितीदा म्हटलं आहे. पण खरं सांगायचं तर त्या वाक्याचा मला अजूनही पस्तावा नाही.

बॅज ईमेलवर आला. वर्गातल्या पोरांनी व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला ठेवला आणि दुसऱ्या दिवशी विसरून गेले. मी दुकानात बाबांना मोबाइलवर दाखवला. अंगारकीला स्वयंसेवक छातीला बिल्ला लावतात, तेवढाच त्यांना माहीत. म्हणाले, "मंग हा लावायचा कुठं?" लावायचा नसतो, म्हटलं. त्यांनी चष्मा पुसून ते पान बराच वेळ न्याहाळलं. इंग्रजी त्यांना फारसं येत नाही, पण माझं नाव त्यांनी अक्षर अक्षर लावून वाचलं, मग त्याच्या पुढं काही आहे का ते बघितलं. त्यांचं नाव तिथं नाही हे त्यांच्या लक्षात आलं, ते मला दिसलं.  तरी पेढेवाल्याला बोलावून दाखवलं.

बीएस्सी झाल्यावर वर्षाच्या आत लग्न झालं. सासर कुंभार पिंपळगावचं, घरचा ऊस आणि कपाशी, आणि नवऱ्याचं ठिबकच्या पाइपांचं लहानसं दुकान. माणूस शांत आहे. माझ्यासारखीला असाच मिळायला हवा होता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्याच्या हातात सोन्याची अंगठी दिली. त्यानं त्या अंगठीनं तांदळात माझं नवं नाव काढलं. एक वेलांटी ताटाबाहेरच निघाली होती. नणंदेनं ते मोठ्यानं वाचलं, बायांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. मीही एक खाल्ला आणि तो चांगला होता. तेव्हा मला काहीही वाईट वाटलं नाही, हे मी इथं लिहूनच ठेवते, नाहीतर लोकांना वाटायचं, ही तेव्हापासून रडतेय. आमच्याकडं आईचं नाव बदललं, आत्याचं बदललं, दोन्ही वहिन्यांचं बदललं. नवी साडी, नव्या बांगड्या, तसं नवं नाव. मला वाटलं, होईल सवय.

सवय व्हायला ते कुणी वापरायला तर पाहिजे. सासूबाई मला सुनबाई म्हणतात. सासरे माझ्याशी थेट बोलतच नाहीत, मी समोर आले की खोकतात. नवरा 'अगं' म्हणतो, फोनवर असला तर 'ऐकलं का'. दिराची मी वहिनी. पोरगी झाल्यावर गल्लीतल्या बाया तिच्या नावापुढं 'ची मम्मी' लावून मला बोलवायला लागल्या. नवं नाव राहिलं आधार कार्डावर, बँकेच्या पासबुकावर आणि गॅसच्या पावतीवर. म्हणजे जुनं काढून घेतलं ते घेतलं, आणि दिलेलं नवंही कपाटात ठेवून दिलं.

माहेरी तरी काय वेगळं होतं? पहिल्या दिवाळीला सासूबाई मला पोचवायला राजूरला आल्या. देवदर्शन झालं, जेवणं झाली. आईनं सवयीनं स्वयंपाकघरातून मला जुन्या नावानं हाक मारली. सासूबाई हसून म्हणाल्या, इहीनबाई, आता जुनं सोडा की. चेष्टेतच म्हणाल्या, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण आईनं जीभ चावली आणि बाबांनी ते ऐकलं. त्या दिवसापासून दोघांनीही ते नाव टाकलं. नवं त्यांच्या तोंडात बसेना, म्हणून मी झाले माय. कशी हायस माय, काय करून राह्यलीस माय. लेकीला माय म्हणणं ही मायाच आहे, मला काय कळत नाही? तरी फोन ठेवला की वाटायचं, ह्यांनी एकदा, चुकून तरी, मधलं अक्षर लांबवावं.

कामाचंही तसंच झालं होतं. आमच्या नदीकडच्या रानात उसाला पाणी देऊन देऊन जमिनीवर पांढरा थर यायला लागला होता. मी एकदा जेवण वाढताना म्हटलं, माती तपासून घेऊ, मी नमुना काढते. सासरे खोकले. नवऱ्यानं माझ्या समाधानासाठी एका पिशवीत माती आणून दिली. कुठून आणली विचारलं तर म्हणाला, बांधावरून, गाडी तिथंच उभी होती. मी ती पिशवी त्याच्यादेखत परसात पालथी केली. मॅडम असत्या तर त्यांनीही हेच केलं असतं, पण त्यांना कुणी डोक्यावर पडलीस का असं विचारलं नसतं.

म्हणून मी बॅजचं पान उघडायचे. दुपारी भांडी झाली, पोरगी झोपली, की मोबाइलवर ती लिंक लावायची. गोल हिरवं-पिवळं चित्र, त्याच्याखाली पडताळणी झाल्याची हिरवी खूण, आणि वर माझं नाव. मार्कशीटवरही ते आहे, नाही असं नाही. पण तिथं ते आडनाव आणि वडिलांचं नाव ह्यांच्यामध्ये अंग चोरून बसलंय, आणि मार्कशीट कपाटात साड्यांखाली आहे. इथं ते एकटं होतं आणि उघड्यावर होतं. अमेरिकेतला माणूसही बघू शकला असता. बघत कुणी नव्हतं, ते सोडा. मी बघत होते. मला त्या पोरीची फार आठवण यायची. ती कुठं गेली नव्हती, तिच्याच हातांनी मी आत्ता भांडी घासली होती, आणि तरी तिची आठवण यायची. कुणीतरी मला त्या नावानं बोलवावं, दुसरं काही नको, असं वाटायचं. मग पोरगी उठायची आणि मी मोबाइल ठेवून द्यायचे.

पोरगी अंगणवाडीत जायला लागली त्या वर्षी नवऱ्यानंच बातमी आणली. घनसावंगीच्या रस्त्यावरच्या एका कॉलेजात माती परीक्षणाचा कौशल्य-कोर्स सुरू होणार होता आणि प्रात्यक्षिकं घ्यायला सहायक पाहिजे होता. तुझ्याकडं ते मोबाइलमधलं आहे ना, म्हणाला. सासूबाईंनी दोन दिवस तोंड फुगवलं, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, जा, पोरीला मी बघते. मी जीपमध्ये स्वतःला कोंबून मुलाखतीला गेले. प्राचार्यांनी पुस्तकी प्रश्न विचारलेच नाहीत. टेबलावर पेपर अंथरला, त्यावर मातीचा ढीग ठेवला आणि म्हणाले, करून दाखवा. किती वर्षांनी माझे हात त्या कामाला लागले. माती गोल पसरली, बोटानं फुली काढली, दोन भाग बाजूला सारले. शेजारचे प्राध्यापक मध्येच काहीतरी विचारायला लागले तर मी त्यांना जरा थांबा म्हटलं. प्राचार्य हसले. निवड तिथल्या तिथं झाली.

परतताना जीपमध्ये नखांत माती होती आणि मी खिडकीकडं तोंड करून बसले होते. ते काम मला हवं होतं. पगार थोडा होता, नोकरी वर्षावर्षाची होती, तरी हवं होतं. मला जे येतं ते करायला रोज सकाळी घरातून निघायचं, एवढ्यासाठी मी काहीही केलं असतं.

कागद द्यायला गेले तेव्हा अडलं. तिथले बाबू वयस्कर, सभ्य माणूस. त्यांनी पोर्टलवर माझं आधार टाकलं, बॅजची लिंक टाकली आणि लाल फुली आली. आधारवर तीन शब्द, नवं नाव, नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. बॅजवर एक शब्द. त्या तिनांतला एकही तो नाही. मी लग्नाचा दाखला काढला, नाव बदलल्याचं गॅझेट काढलं, मार्कशीट काढली. बाबूंनी गॅझेटमधलं जुनं पूर्ण नाव बोट फिरवून वाचलं, मग पुन्हा बॅजकडं बघितलं.

"ताई, माझा तुमच्यावर भरोसा हाय," ते म्हणाले. "पण नुसत्या ह्या नावाच्या पोरी जिल्ह्यात हजार निघतील. त्यातल्या तुम्हीच, हे कशावरून?"

 मी मोबाइलवर बॅजचं पान खालपर्यंत सरकवलं. बॅजमध्ये फोटो होता, पण त्यात हातच होते. हात पुढं करून हे बघा म्हणावं असंही मनात आलं; बाबूंनी संकोचून मान फिरवली असती. शेवटी तोड त्यांनीच सांगितली. ज्या कॉलेजनं बॅज दिला त्यांच्याकडून आत्ताच्या नावानं करून आणा, पोर्टल सोमवारी दुपारपर्यंत चालू आहे, तोवर तुमची जागा धरून ठेवतो.

मॅडमचा नंबर माझ्याकडं होता. लग्न होऊन पाच वर्षं झाली होती, तेवढ्या काळात एकदाही लावला नव्हता. स्टँडवर उभी राहून लावला. त्यांनी उचलला आणि हॅलोच्या आधी माझं नाव घेतलं. त्यांच्या मोबाइलमध्ये मी अजून त्याच नावानं होते.  शेजारून उसाचा ट्रॅक्टर चालला होता, त्यांना वाटलं आवाज येत नाहीये, म्हणून त्यांनी पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं. मी म्हटलं, "हाय मॅडम, मीच हाय."

सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. बॅजवरचं नाव खोडून दुसरं घालता येत नाही. तसं करता आलं असतं तर बॅजवर कुणी विश्वासच ठेवला नसता. जुना रद्द करायचा आणि नव्या नावानं नवा द्यायचा. जुनी लिंक उघडली की मग रद्द असंच दिसणार. काम पाच मिनिटांचं आहे, म्हणाल्या, पण तू विचार कर आणि मग सांग. माझ्या आवाजावरून त्यांनी काय ओळखलं कोण जाणे.

नवऱ्याला त्यात विचार करण्यासारखं काही दिसेना. काम मिळतंय, घे करून. मी ते पान उघडून त्याच्यापुढं धरलं आणि म्हटलं, हे जाईल. त्यानं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. "एवढं लागून होतं तुला, तर तवाच का न्हाई बोललीस?"

आता ह्याला काय सांगायचं? ताटात तांदूळ, भोवती पन्नास बाया, आणि मी नव्या नवरीनं म्हणायचं, थांबा? पण प्रश्न खरा होता, म्हणूनच मला जास्त राग आला. मी म्हटलं, नवं ठेवलंत ना, मग त्या नावानं एकदा तरी हाक मारायची होती. तो कानापर्यंत लाल झाला. आईसमोर कशी मारू, म्हणाला. आणि मग अगदी हळू, "पंधरा नावं लिहिल्ती मी, त्यातून काढल्तं. मला वाटलं, तुला आवडलं." पाच वर्षांत हे मला पहिल्यांदा कळलं. मला त्याची कीव आली. राग गेला नाही, पण त्याच्याशेजारी कीवही येऊन बसली.

रविवारी बाबांना फोन लावला. त्यांना बॅज आठवत होता. काय करू, विचारलं. मला वाटत होतं, ते भडकतील. माझ्या लेकीचं नाव रद्द करणारं कोण, असं म्हणतील, आणि म्हणताना ते नाव त्यांच्या तोंडून एकदा निघेल. दुकानात कुणीतरी नारळ मागत होतं, त्याला त्यांनी थांबायला सांगितलं.

"माय, ते नाव मी ठेवल्तं ना? मंग मीच सांगून राह्यलो, घे बदलून. जल्दी कर, जागा जाईल."

मी थांबले. तिकडं देवळातली घंटा ऐकू येत होती, गिऱ्हाईक पुन्हा नारळ मागत होतं. मी आणखी थांबले. त्यांनी नाव घेतलं नाही. कसं घेतील? लेकीच्या संसारासाठी ज्या माणसानं स्वतःची जीभ आवरली, तो अशी कशी सोडेल. काळजी घे माय, म्हणाले आणि फोन ठेवला. मी परसात जाऊन चांगली हमसून रडले. सासूबाईंनी आतून विचारलं, काय झालं सुनबाई, तर काही नाही म्हटलं.

सोमवारी सकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर मोबाइल ठेवून, स्पीकर लावून मी मॅडमना फोन केला. हात पिठाचे होते. सासूबाई शेजारीच मेथी निवडत बसल्या होत्या. मॅडमनी माझं नाव घेतलं आणि विचारलं, काय ठरलं? मी म्हटलं, करा. त्यांनी कॉम्प्युटर उघडला. आधारवर आहेत तेच तीन शब्द त्यांना सांगितले, स्पेलिंगसकट. कळा दाबल्याचा आवाज येत राहिला. मग त्या थांबल्या. जुना रद्द करायचा तर कारण निवडावं लागतं, म्हणाल्या, आणि यादी वाचून दाखवली. चुकून दिला गेला. मुदत संपली. कौशल्य सिद्ध झालं नाही. गैरप्रकार आढळला. इतर.

मी म्हटलं, इतर टाका. इतर टाकलं की शब्दांत लिहावं लागतं, त्या म्हणाल्या, 'नावात बदल' असं लिहिते. मला ते पटेना. नाव काही आपलं आपण बदलत नाही.

"मॅडम, लग्न झालं, असं लिहा," मी म्हटलं. "मराठीत."

 मॅडमचंही लग्न झालेलं होतं. त्यांचं आधीचं नाव काय होतं, ते मी कधी विचारलं नव्हतं. मग कळांचा आवाज आला. तेवढंच का, त्यांनी विचारलं, आणि मी तेवढंच म्हटलं. हात पुसून मी पान उघडलं. नाव होतं, पण करडं पडलेलं. हिरवी खूण गेली होती. इंग्रजीत लाल अक्षरांत रद्द, आणि खाली आपल्या मराठीत दोन शब्द, लग्न झालं. जगात कुणीही उघडून बघावं.

मिनिटाभरात नवा बॅज आला. तेच गोल चित्र, तेच माझे हात, वर तीन शब्द, आणि हिरवी खूण. मला वाटलं, आता मॅडम फोन ठेवतील. पण त्यांना बहुतेक वाटलं असावं, की हिनं एवढं मोठं पाऊल उचललं, तर सुरुवात आपण करावी. त्यांनी अभिनंदन म्हटलं आणि मला नव्या नावानं हाक मारली. नुसतं नाव, नवऱ्याचं नाही, आडनाव नाही. त्यांचा तो शेतभर जाणारा आवाज घरभर गेला. सासूबाईंचा मेथी निवडणारा हात थांबला. लग्नानंतर त्या नावानं मला कुणी मारलेली ती पहिली हाक, आणि ती मारली, माझं जुनं नाव ज्यांच्याकडं उरलं होतं त्या एकट्या माणसानं. मॅडम, तुम्ही नका, तुम्ही तरी नका, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण दुपारी पोर्टल बंद होणार होतं, बाबू वाट बघत होते, आणि त्यांनी ती हाक फार मायेनं मारली होती. मी काही बोलत नाही म्हटल्यावर त्यांनी पुन्हा मारली.

मी ओ दिली.